परतीची रेघ

देवा, सेन्सरसाठी सिलिकॉनचे दोन्ही भाग समसमान तोलले, ढवळले आणि भांडं निर्वात पेटीत ठेवलं. मिश्रण आता दुधासारखं उतू येतंय. फेस खाली बसेपर्यंत तुझ्याशी बोलायला वेळ आहे. एरवी आम्हा प्राध्यापकांना तो कुठला!

यात एकही बुडबुडा मागे राहू देऊ नकोस. राहिला, तर ताण आला की सेन्सर नेमका तिथून फाटतो. नवीन आलेल्या पोरीला लॅटेक्सचे हातमोजे काढायची आठवण दे. त्यातल्या गंधकाचा स्पर्श झाला की हे सिलिकॉन घट्टच होत नाही, चिकट राहतं. नंतर सिलिकॉनमधल्या बारीक नळीत गॅलियम-इंडियमचा द्रव धातू भरायचा आहे; एका टोकाला धातू सोडणारी सुई, दुसऱ्या टोकाला हवा बाहेर पडायला रिकामी सुई. हवा लागताच या धातूवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तोच धातूला नळीत आवरून ठेवतो. माझी पीएच.डी., नोकरी, बढती सगळी त्या पापुद्र्यावर उभी आहे, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

माझ्याआधी इथून गेलेल्यांना नमस्कार. 1898 मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी पिळलेल्या तागातून विद्युतलहरी सोडून त्यांचं ध्रुवण फिरवून दाखवलं. 1949 मध्ये व्हिटनी यांनी रबराच्या नळीत पारा भरून हातापायांचं फुगणं-आकसणं मोजलं. 1987 मध्ये रॉडरिक लेक्स यांनी ओढल्यावर रुंद होणारा फोम केला. गुण पदार्थात असतो तसा त्याच्या घडणीतही असतो, हे आम्हाला अशा कामांतून उमजलं. आमच्या सेन्सरची आत दुमडलेल्या षटकोनांची जाळीही ओढली की रुंदावते, वाकवली की घुमटासारखी होते. म्हणून तर ती टाचेच्या गोलाईवर नीट बसते.

आता मागणं. नळी ताणून लांबी दुप्पट केली, तर विद्युतरोध साधारण चौपट होतो. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात सिलिकॉनचं हे रबर सैल सोडलं की आल्या वाटेने परत जात नाही. आलेखावर जातानाची रेघ एक, परतीची वेगळी. तूच तसं घडवलंस, माझी तक्रार नाही. फक्त ती दुसरी रेघ गाळायची बुद्धी मला होऊ देऊ नकोस. गाळली की आलेख देखणा दिसतो, पेपर लवकर लागतो, दुसरा रिव्ह्यूअरसुद्धा गप्प बसतो. पण हा सेन्सर मधुमेहाने संवेदना गेलेल्या पायाखाली, चपलेत बसायचा आहे. त्या माणसाला खडा टोचलेला कळत नाही. टाचेवरचा दाब खरंच उतरला का, हे त्याला आमच्याच आकड्यावरून समजणार. तिथे आमची देखणी रेघ खोटं बोलली, तर जखम त्याला होईल आणि माझ्या नावावर आणखी एक सायटेशन जमा होईल.

माझ्या विद्यार्थ्यांनाही दोन्ही रेघा छापायचं धाडस दे. त्यांना नोकऱ्या शोधायच्या आहेत, मला निदान पगार आहे. त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष ठेव.

आणि प्रकल्पाचा हप्ता मार्चच्या आधी येऊ दे. 30 तारखेला येऊन 31 ला परत जाणाऱ्या पैशातून काही विकत घेता येत नाही, हे तुला माहीत असेलच.