भोळेपणाची किंमत कोणी मोजावी?

काही महिन्यांपूर्वी आम्ही घरी सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहिला. दक्षिण आफ्रिकेतील कारू नावाच्या रुक्ष माळरानावरची एक शेतवाडी, तेथे पाहुणा म्हणून आलेला एक लबाड माणूस आणि त्याच्या तावडीत सापडलेली तीन मुले, असा त्याचा विषय. डेव्हिड लिस्टर यांनी तो २००४ साली दिग्दर्शित केला. मुले खळखळून हसली. चित्रपट संपल्यावर धाकटीने मात्र विचारले, "बाबा, त्या म्हाताऱ्या आजोबांना तो माणूस खोटारडा आहे हे कळत कसं नव्हतं? मुलांना तर कळलं होतं." मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण तो प्रश्न मनातून गेला नाही.

हा चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला आहे ती 'द स्टोरी ऑफ ॲन आफ्रिकन फार्म' १८८३ साली लंडनमध्ये राल्फ आयर्न या पुरुषी टोपणनावाने प्रसिद्ध झाली. लेखिका ऑलिव्ह श्रायनर ही एका जर्मन मिशनऱ्याची मुलगी. बोअर शेतकऱ्यांच्या घरी मुलांची शिक्षिका म्हणून राहत असताना तिने हे लेखन केले. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात १९२३ साली लिहावयास घेतलेल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात तिचा आदराने उल्लेख आहे. पित्याच्या धर्मश्रद्धेपासून ती तरुणपणीच दुरावली, परंतु पित्यावरची माया आटली नाही. कादंबरीतील वृद्ध जर्मन कारभारी ऑटो हा त्या पित्यावरूनच घडवला आहे, असे मानले जाते.

ऑटो हा देवमाणूस. बोनापार्ट ब्लेंकिन्स नावाचा एक भटका दारात येतो, थोरामोठ्यांशी नाते सांगतो, संकटांच्या रसभरित कथा रचतो. ऑटो त्याला जेवू घालतो, आपल्या खोलीत जागा देतो. रविवारी उपासना चालवण्यासाठी आपला ठेवणीतला काळा पोशाखही देतो. पुढे हाच पाहुणा मालकिणीचे, टांट सॅनीचे, कान भरतो. ऑटोला वाडी सोडण्याचा हुकूम होतो आणि जाण्यापूर्वीच त्या रात्री तो मरण पावतो. त्याचा मुलगा वाल्डो पाहुण्याच्या हाती सापडतो. पाहुणा त्याने खपून बनवलेले यंत्र पायाखाली चिरडतो आणि पुढे त्याला चाबकाने फोडून काढतो.

मग ऑटोचे चुकले कोठे? त्याने दार लावून घ्यावयास हवे होते काय? तसे म्हणण्यास मन धजावत नाही. अब्राहामाने मम्रेच्या झाडांखाली तिघा अनोळखी वाटसरूंना बसवले, तेव्हा त्यांची कागदपत्रे तपासली नव्हती. भुकेल्याला भाकरी देताना त्याचे चारित्र्य विचारावे, असे शुभवर्तमान सांगत नाही. ऑटोने भाकरी दिली, अंथरूण दिले. ते त्याचे होते आणि ते देण्यात तो चुकला नाही.

परंतु कादंबरीत एक छोटासा प्रसंग आहे. ऑटो पाहुण्याच्या अचाट गोष्टी मुलींना रंगवून सांगतो, तेव्हा अनाथ लिंडल विचारते, हे खरे कशावरून? एरवी इतका मवाळ असलेला ऑटो चिडतो. प्रत्येकाच्या शब्दावर शंका घेऊ लागलो तर आपले व्हायचे कसे, असा त्याचा सूर असतो. माझ्या मते त्याची चूक नेमकी येथे आहे. त्याने अनोळखी माणसावर विश्वास ठेवला, हे सोसण्यासारखे होते. त्यापायी त्याने ओळखीच्या मुलीचा शब्द नाकारला, हे सोसण्यासारखे नव्हते. आपल्या ताटातली भाकरी पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला असतो. मुलांची पाठ पणाला लावण्याचा नसतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी चार मुख्य नैतिक सद्गुणांत सुज्ञतेला अग्रस्थान दिले आहे. प्रभूनेही शिष्यांना पाठवताना कबुतराबरोबर सापाचे नाव घेतले. आपल्याला मात्र कबुतर तेवढे आठवते.

याच वाल्डोने पूर्वी एकदा माळावर मेंढरे राखताना बारा दगडांची वेदी रचली होती. एलियाच्या होमबलीप्रमाणे आकाशातून अग्नी उतरेल या आशेने आपल्या जेवणातला मांसाचा तुकडा त्याने तिच्यावर ठेवला आणि भर उन्हात गुडघे टेकले. अग्नी उतरला नाही. देव आपला द्वेष करतो, असा निष्कर्ष काढून ते लेकरू संध्याकाळी मेंढरे घेऊन परतले. बाप किती प्रेमळ होता! पण मुलाच्या मनात काय जळत आहे याचा त्याला पत्ता नव्हता. ज्या मुलाला आकाशातून उत्तर मिळाले नाही, त्याला पुढे उत्तर मिळाले ते देवाचे नाव घेणाऱ्याच्या चाबकाचे.

चित्रपटाने या कथेतील विनोदाला अधिक जागा दिली आहे. रिचर्ड ग्रँट यांचा ब्लेंकिन्स पाहताना हसू आवरत नाही. मुले मोठी झाल्यावर लिंडल आणि वाल्डो यांची जी वाताहत होते, ती चित्रपटात येत नाही. लहानांसाठीच्या चित्रपटाने ती टाळली, याला दोष देता येणार नाही. परंतु लबाड पळाला की सारे संपले, असे वाटू लागते. कादंबरी तसे वाटू देत नाही. शिवाय तिच्यात त्या रविवारच्या उपासनेची एक बोचरी नोंद आहे. वाडीवरचे आफ्रिकन नोकर तेथे नसतात, कारण त्यांना तारणाची गरजच नाही, असे मालकिणीचे मत असते. प्रवचन लबाडाचे, आणि त्यालाही खऱ्या कष्टकऱ्यांना मज्जाव!

हे सारे परक्या मुलखातले, दीडशे वर्षांपूर्वीचे, असे म्हणून आपली सुटका होत नाही. धर्माचा पोशाख अंगावर असलेल्या माणसांनी मुलांना इजा केली आणि मुले बोलली तेव्हा सज्जनांनीच त्यांना गप्प केले, ही वेदना आपल्या चर्चने अनेक देशांत अनुभवली आहे. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना देणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले. तो नियम आवश्यकच होता. पण नियमाआधी घरात एक कान जागा असावा लागतो.

धाकटीला मी उशिराने उत्तर दिले. म्हटले, "आजोबा चांगले होते, पण ते मुलांचं ऐकत नव्हते." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्ही ऐकाल ना?" "हो," मी म्हणालो. हे वचन मी प्रसंग येईल तेव्हा पाळू शकेन की नाही, याची परीक्षा अजून व्हावयाची आहे.