मुसाफिर आणि मुकीम

जहाजावरची नोकरी सोडून कायमचा घरी आलेल्या माणसाला आमच्या कोकणातल्या खाडीकाठच्या गावांत पहिला प्रश्न विचारला जातो तो एवढाच: ‘काय झालं?’ जणू काही घडल्याखेरीज कोणी डॉलरची नोकरी सोडतच नाही. बँकेतला कारकून राजीनामा देऊन किराणा दुकान टाकतो तेव्हा त्याची इतकी चौकशी होत नाही. जहाजी मात्र उतरला की तर्क सुरू होतात. घाबरला असेल. कप्तानाशी भांडला असेल. मेडिकलमध्ये नापास झाला असेल. आणि सर्वांचे लाडके उत्तर, जे लग्नाच्या मांडवात आणि मशिदीच्या ओट्यावर सारख्याच खात्रीने दिले जाते: बायकोने ओढून आणला.

आम्हाला वाटते, हा प्रश्नच उलटा आहे. माणूस जहाज का सोडतो, हे विचारण्याआधी एखाद्या घराने आपल्या माणसाकडून किती काळ गैरहजेरी मागावी, हे विचारायला हवे. आणि ती मागण्याचा हक्क घराला कुठून मिळतो, हेही.

आमच्या समाजाला समुद्र नवा नाही. बाणकोट, दाभोळ, श्रीवर्धन, रत्नागिरीचा राजिवडा, या गावांतले पुरुष गलबतांवर होते आणि वाफेची जहाजे आली तेव्हा त्यांच्या डेकवरही गेले. सारंग, टंडेल, सुखानी, कसब, भंडारी ही त्या जहाजांवरची पदे आमच्या आजोबांच्या पिढीला गावातल्या आडनावांइतकी ओळखीची होती. त्या व्यवस्थेत पिळवणूक होती. गोऱ्या खलाशाच्या तुलनेत पगार अगदीच तुटपुंजा होता, आणि भरतीसाठी सारंगाची मर्जी राखावी लागे. पण एक गोष्ट तिच्यात होती. सारंग आपल्याच गावची, आपल्याच नात्यातली पोरे घेऊन जाई. त्यामुळे निम्मी वाडी एका बोटीवर असे. भंडारी घरच्यासारखे कालवण रांधी. रमजानचा चांद डेकवर दहाजण मिळून बघत. माणूस घरापासून दूर होता, पण एकटा नव्हता.

आजच्या जहाजावर तोच माणूस वीस-बावीस जणांत एखादा असतो. पूर्वीच्या मालवाहू जहाजावर याच्या दुप्पट माणसे असत. जहाजे कितीतरी पटींनी मोठी झाली आणि माणसे निम्मी झाली. सोबतीला फिलिपिनो असतात, युक्रेनियन असतात, चिनी असतात. माणसे चांगली असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण वॉच संपला की प्रत्येकजण आपापल्या केबिनचे दार लावून घेतो. इफ्तारला खजूर फोडणारा एकटाच. आणि बंदर? कंटेनर येण्यापूर्वी जहाज बंदरात आठवडा-पंधरा दिवस मुक्काम करी, खलाशी शहर बघत, घरासाठी कापड घेत. आता न्हावाशेवा असो की सिंगापूर, काही तासांत माल उतरतो, चढतो आणि जहाज निघते. २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर सुरक्षेचे नवे नियम आले, ते २००४ पासून लागू झाले आणि खाली उतरण्याची परवानगीही कित्येक ठिकाणी दुर्मीळ झाली. मुसलमान नावाच्या खलाशाला तिथे किती वेळ थांबवून ठेवतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. जग बघायला मिळते म्हणून बोटीवर जा, असे आम्ही अजूनही पोरांना सांगतो. खरे तर ते जगाच्या कडेकडेने फिरून येतात.

विश्रांतीचे नियम आहेत. चोवीस तासांत किमान दहा तास, आठवड्यात किमान सत्त्याहत्तर. कागदावर ते भरलेले असतात. प्रत्यक्षात काय होते, ते कोणत्याही जहाजीला चहा पाजून विचारावे.

भीतीही खोटी नाही. २००७ च्या डिसेंबरात ‘हेबेई स्पिरिट’ हे तेलवाहू जहाज कोरियाच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभे होते. टगच्या दोरातून सुटलेली क्रेनची बार्ज येऊन त्यावर आदळली, तेल सांडले. जहाजाचे कप्तान आणि चीफ ऑफिसर भारतीय होते. खालच्या कोर्टाने निर्दोष ठरवलेल्या या दोघांना वरच्या कोर्टाने तुरुंगात पाठवले, आणि ते मायदेशी परतले २००९ च्या जूनमध्ये. उभ्या जहाजाला दुसऱ्याने धडक दिली, त्याची ही कथा. २०२० च्या करोनात सुमारे चार लाख नाविक करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, माणसे मेली. २०२४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरचा पूल ‘डाली’ जहाजाच्या धडकेने कोसळला. त्यावरचे बहुतेक भारतीय असलेले खलाशी कित्येक आठवडे त्याच मोडक्या जहाजावर होते. हे सगळे खरे आहे. तरी जे जहाजी आम्हाला माहीत आहेत, त्यांच्यातला कोणीही नोकरी सोडण्याचे कारण सांगताना यातले काही सांगत नाही. ते वेगळेच सांगतात. मुलगी ओळखत नव्हती. वालिदांच्या मातीला पोहोचता आले नाही. आमच्यात तर मय्यत काही तासांत दफन होते, पॅसिफिकमधल्या माणसासाठी थांबणार कोण? एकाने सांगितले, घरी आल्यावर साखरेचा डबा कुठे आहे हे विचारावे लागले, तेव्हा बसल्या जागी काहीतरी झाले.

आता फोन आला, व्हिडिओ आला, तेव्हा हे दुःख कमी झाले असावे असे कोणाला वाटेल. आम्ही उलट ऐकतो. पूर्वी पत्र महिन्याने बंदरात मिळे, तोपर्यंत पोराचा ताप उतरलेला असे. आता ताप चढताना दिसतो.

इथे फिक्हमधली एक गोष्ट आठवते. मुसाफिराला नमाज कसर करण्याची, म्हणजे चार रकातींच्या जागी दोन पढण्याची सवलत आहे. मुसाफिर कधी मुकीम होतो, याचे हिशेब आहेत. आम्ही कोकणी शाफई. आमच्याकडे येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहण्याचा इरादा केला की सवलत संपते, हनफींकडे पंधरा दिवस. पण स्वतःच्या गावात पाय ठेवला की माणूस त्या क्षणी मुकीम, मग तो एकाच रात्रीसाठी का आलेला असेना. आणि फुकहांनी नावाड्याचाही विचार केला होता. ज्याची बायकोमुले त्याच्यासोबत जहाजावरच राहतात, त्याला इमाम अहमद यांच्या मताने ही सवलतच नाही, कारण तो प्रवासात नाही, घरात आहे. शाफईंनी सवलत काढून घेतली नाही, पण अशाने पूर्ण नमाज पढणे बरे, असे म्हटले.

मदरशात हे मसले पाठ करताना मुलांना जांभया येतात. आम्हाला मात्र त्यात घराची एक व्याख्या दिसते. घर म्हणजे भिंती नव्हेत. ज्यांची जबाबदारी तुमच्यावर आहे ती माणसे जिथे तुमच्याबरोबर राहतात, ते घर. या व्याख्येने आमच्या गावांतल्या दुमजली, टाइल्स लावलेल्या, बंद खिडक्यांच्या बंगल्यांना काय म्हणावे? सुट्टीवर आलेला जहाजी शरीअतीने मुकीम असतो. घरात तो मुसाफिरच असतो. पालकसभेत एका आईने हेच फार साधेपणाने सांगितले होते: “पोरांचे अब्बा आले की पाहुणा आल्यागत होतं. गेले की आमचं आपलं सुरळीत.”

हजरत उमर (रजि.) यांची एक रिवायत प्रसिद्ध आहे. रात्रीच्या गस्तीत त्यांनी एका स्त्रीचा विलाप ऐकला. तिचा नवरा फौजेत गेलेला होता. त्यांनी आपल्या कन्येला, हजरत हफ्सा यांना विचारले की बाई नवऱ्यावाचून किती काळ काढू शकते. कुठे चार महिने सांगितले जातात, कुठे सहा. त्यानंतर फौजीला याहून जास्त काळ अडकवू नये, असा हुकूम निघाला. तपशिलांत फरक असतील. पण खलिफाने प्रश्न कोणाला विचारला, ते पाहावे. सेनापतीला नव्हे. घरी थांबणारीला. २०१३ साली लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नाविक श्रम कराराने जहाजावरच्या सलग मुक्कामाची कमाल मर्यादा घातली ती बारा महिन्यांच्या आतली. अधिकारी चार-सहा महिन्यांत सुटतो, साधा खलाशी आठ-नऊ महिने काढतो. म्हणजे ज्याला पैसा कमी त्याची गैरहजेरी जास्त.

आमच्या विवाहविच्छेदाच्या १९३९ च्या कायद्यातही गैरहजेरीचा विचार आहे. नवऱ्याचा चार वर्षे पत्ता नसेल, दोन वर्षे नान-नफका दिला नसेल, वाजवी कारणाविना तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये पाळली नसतील, तर बाई कोर्टात जाऊ शकते. जहाजी यातल्या कशातही बसत नाही. पत्ता ठाऊक आहे, मनीऑर्डरच्या जागी बँकेत डॉलर येतात, आणि नोकरी हे कारण वाजवीच. त्याची गैरहजेरी कायद्याला दिसत नाही, जमातीला तर त्याहून नाही, कारण मशिदीच्या नव्या मिनाराच्या वर्गणीत त्याचे नाव वर असते. मग एक दिवस त्याचा त्यालाच हिशेब लागत नाही, आणि तो उतरतो. ही कमजोरी आहे असे आम्हाला वाटत नाही. नान-नफका हा हक्क आहे, तशी सोबतही हक्कच आहे, आणि एक हक्क चुकता केल्याने दुसरा फिटत नाही.

पण उतरणे सगळ्यांना परवडत नाही, हेही बोलले पाहिजे. ज्याच्याकडे मास्टरचे किंवा चीफ इंजिनिअरचे प्रमाणपत्र आहे तो मुंबईत कंपनीच्या कचेरीत सुपरिंटेंडेंट होतो, सर्व्हेयर होतो, बंदरात पायलट होतो, नाविक महाविद्यालयात शिकवतो. पगार घटतो, पण मान राहतो. डेकवरच्या खलाशाच्या वीस वर्षांच्या अनुभवाला किनाऱ्यावर किंमत नाही. तो मिरकरवाड्याला मच्छीमारी बोटीवर जातो, रिक्षा घेतो, नाहीतर दुबई-कुवेतला टगवर किंवा गोदामात लागतो. ही शेवटची वाट फारच चमत्कारिक. लोक म्हणतात, समुद्र सोडला, आता जमिनीवर आहे. जमीन दुबईची, खोलीत आठजण, सुट्टी दोन वर्षांनी! जहाजावरून तरी तो नऊ महिन्यांनी येत होता. त्यात कोवळ्या पोरांना भरतीसाठी लाखो रुपये उकळणारे एजंट भेटतात, आणि पहिले एक-दोन करार ते कर्ज फेडण्यातच जातात. अशा पोराला ‘घर महत्त्वाचे की पैसा’ असे विचारणे ही थट्टा आहे. आमच्या शाळेत दहावीनंतर काय, या प्रश्नावर अजूनही पाच-सहा हात ‘बोटीवर’ म्हणून वर जातात. आम्ही त्यांना नाही म्हणत नाही. दुसरे काय दाखवणार?

आणि जो खरोखर घरी येतो, त्याच्या बायकोचे काय, हे कोणी विचारत नाही. पंधरा वर्षे तिने बँक सांभाळली, सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातले, भावकीशी भांडून कुंपण घातले, मुलांची शाळा निवडली. आता घरात एक माणूस दिवसभर बसलेला आहे आणि त्याला प्रत्येक गोष्टीत ‘मला का विचारलं नाही’ असे वाटते आहे. जहाजावर तो हुकमाने चालणाऱ्या जगात राहिला; घर हुकमाने चालत नाही. किती संसार या पहिल्या वर्षात कडवट होतात! कित्येक तर पुन्हा मेडिकल करून जहाजावर जातात, आणि गाव म्हणते, बघा, पैशाचा मोह सुटला नाही. आम्हाला यात मोह दिसत नाही. आपल्या अनुपस्थितीभोवती घडलेल्या घरात शिरायला जागाच नव्हती, एवढेच दिसते. ती जागा करून देणे एकट्या बायकोचे काम समजले जाते, आणि ते तिला जमले नाही तर दोषही तिचाच. म्हणजे आला तेव्हा बायकोने ओढून आणलेला, गेला तेव्हा बायकोने पिटाळलेला.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ सात वर्षांपूर्वी उतरले. सध्या मुलांना शाळेत सोडणारी व्हॅन चालवतात, बायको पूर्वीसारखीच हिशेब बघते, आणि त्यांनी त्यात हात घालायचे सोडले आहे. त्यांचे सीडीसी, ज्याला जुने खलाशी ‘नळी’ म्हणत, त्याची दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा त्यांनी नूतनीकरणाचा अर्ज भरायला आम्हाला सांगितले. परत जाणार आहात का, असे आम्ही विचारले. नाही, म्हणाले. मग अर्ज कशाला? त्यांनी उत्तर दिले नाही, फोटोच्या दोन प्रती पुढे केल्या. अर्ज आम्ही भरून दिला.