पिल्ले घ्या, आईला सोडा



अनुवादाच्या पुस्तकात आपण एक लहानशी आज्ञा वाचतो. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि मादी पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्ले घ्यावीत, पण आईला सोडून द्यावे (अनुवाद २२:६-७). परमेश्वर आपल्याला उपाशी राहायला सांगत नाही. घ्या, पण पुढच्या वर्षीचे घरटे मोडू नका, एवढेच तो सांगतो आणि त्याला दीर्घायुष्याचे वचन जोडतो.

हाच धडा जगातील राष्ट्रे आता कायद्याच्या भाषेत गिरवत आहेत. मासेमारीच्या अनुदानांवर जागतिक व्यापार संघटनेत २००१ साली दोहा येथे चर्चा सुरू झाली. करार व्हायला १७ जून २०२२ उजाडला आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी तो अमलात आला. बेकायदा मासेमारी, कोणाचेच नियंत्रण नसलेल्या खोल समुद्रातील मासेमारी, आणि साठा सावरण्याचे उपाय न करता खालावलेल्या माशांची मासेमारी, या तिन्हींसाठी सरकारी पैसा देण्यास त्याने मनाई केली आहे.

व्यापाराच्या कायद्याचा माशांशी काय संबंध? मासा कमी झाला की फेरी परवडत नाही, बोट बंदरात उभी राहते आणि समुद्राला विसावा मिळतो. पण डिझेलचा आणि बोटीचा खर्च सरकारी तिजोरीने उचलला की तोट्यातली फेरीही परवडू लागते. मग घरट्यातली आईसुद्धा जाळ्यात येते. अभ्यासकांच्या अंदाजानुसार २०१८ साली जगभर मासेमारीला सुमारे ३५ अब्ज डॉलर अनुदान मिळाले. त्यातले सुमारे २२ अब्ज समुद्राला घातक ठरणारे होते आणि मोठा वाटा मोठ्या ताफ्यांना गेला, डोलीवर पोट भरणाऱ्या कोळ्याला नव्हे.

म्हणूनच किनाऱ्यावरचे आपले बांधव विचारतील, "समुद्र उपसला श्रीमंतांनी, मग उपवास आम्हीच का करायचा?" प्रश्न खरा आहे. भारतानेही विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची मुदत मागितली. बेसुमार मासेमारीला खतपाणी घालणाऱ्या इतर अनुदानांवर २०२४ साली अबू धाबीत एकमत झाले नाही. अमलात आल्यापासून चार वर्षांत ते नियम झाले नाहीत, तर सदस्यांनी वेगळे ठरवल्याशिवाय हा करारच संपुष्टात येईल.

ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्विनास शिकवतात. लहान होडीला आणि महाकाय जहाजाला एकच माप लावणे हा न्याय नव्हे. पण समुद्राचेही काही देणे आहे, आणि आपल्या नातवंडांचेही. गरिबाचे जाळे कोणते नि श्रीमंताचे कोणते, हे माशाला कळत नाही. मुदत मागावी ती सुधारण्यासाठी, टाळण्यासाठी नव्हे.

गालिली सरोवरात पेत्राची जाळी फाटेपर्यंत भरली (लूक ५:१-११). त्याने दुसऱ्या होडीतल्या सोबत्यांना बोलावले, घबाड वाटून घेतले आणि येशूच्या पायाशी गुडघे टेकले. समुद्र आपल्या मालकीचा नाही, हे त्याला त्या क्षणी उमगले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही 'लाऊदातो सी' या २०१५ च्या परिपत्रात अनिर्बंध मासेमारीबद्दल आपल्याला सावध केले होते.

जिनिव्हातले नियम आपल्या हातात नाहीत. बाजारातली पिशवी मात्र आपल्या हातात आहे. २०२३ साली आपल्या राज्याने पापलेटला राज्यमासा ठरवले, तरी तळहाताएवढी पिल्ले आपणच स्वस्तात मागतो. घरट्याच्या आज्ञेत पिल्ले घ्यायला मुभा होती, कारण आई उरत होती. इथे आईही जाते आणि पिल्लेही. या आठवड्यात कोळणीसमोर उभे राहताना आपण एवढे आठवू या.

हे प्रभो, घेताना थांबण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.