मरण काय, कुठेही येतं

‘मरण काय, रस्ता ओलांडतानाही येतं!’ एव्हरेस्टचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलंच. या आठवड्यातही भिलाईत सिव्हिक सेंटरच्या टपरीवर ते ऐकलं. चार माना डोलल्या, विषय मिटला. तो असा मिटू नये.

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. भयंकर आकडा. पण त्याला 140 कोटींनी भागा. वर्षभरात साधारण आठ हजारांत एक, दोन महिन्यांत पन्नास हजारांत एक. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवरून वर जाणाऱ्यांत मरणाचा धोका दोनेक महिन्यांच्या एका मोहिमेत शंभरात एकाच्या आसपास असतो. पाचशे पट फरक! नॉर्वेतल्या शेराग कड्यावरून पॅराशूट बांधून मारलेल्या उड्यांची 1995 ते 2005 ची नोंद आहे. उड्या 20,850, मृत्यू 9. म्हणजे तिथली एक उडी आपल्या रस्त्यांवरच्या साडेतीन वर्षांइतकी धोक्याची. किती गेले ते सांगायचं आणि कितींपैकी ते गिळायचं, याची मला मनस्वी चीड आहे.

भिलाईकराच्या तोंडी तर हे वाक्य शोभतच नाही. 9 ऑक्टोबर 2018 ला भिलाई स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या गॅस पाइपलाइनवर स्फोट झाला, तेव्हा ‘सुपेला चौकातही माणसं मरतात’ असं म्हणायची कुणाची प्राज्ञा होती? गॅस बंद केला होता का, कामाचं परमिट कुणी दिलं, हेच विचारायचं असतं. डोंगरावरही तेच. मे 2019 मध्ये एव्हरेस्टच्या शिखराजवळ रांगा लागल्या. त्या मोसमात ठाण्याच्या एक गिर्यारोहक आणि अकलूजचा एक तरुण उतरताना गेले. रांग लागली तर किती वाजता माघारी फिरायचं, उतरायला ऑक्सिजन किती राखायचा, हे खाली डोकं शांत असताना ठरवायचं असतं. वर ते डोकं राहत नाही.

‘माझा जीव, माझी मर्जी’ म्हणणारेही आहेत. पण 18 एप्रिल 2014 ला एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात गेलेले सोळाही जण नेपाळी कामगार होते. पैसे भरून आलेला ती वाट मोजक्या वेळा ओलांडतो, ओझं वाहणारा पुन्हा पुन्हा. मर्जी एकाची, जीव दुसऱ्याचा.

डोंगर चढूच नयेत असं मी म्हणणार नाही. शेर्पाचा विमा किती ते विचारावं, आईसमोर बसून ‘शंभरात एक’ असं स्पष्ट सांगावं आणि मग निघावं. आई अडवेलच. तिला काय सांगायचं, ते मलाही सुचत नाही.