बेत आणि वचन

बेत मोडणें आणि वचन मोडणें यांत भेद काय, हा प्रश्न वर्गांत आम्हीं आजवर अनेकदां विचारला आहे आणि त्याचें उत्तर देतांना आम्हांस कधीं फारशी अडचण पडली नाहीं. बेत मनुष्य स्वतःपुरता करितो, वचन दुसऱ्यास देतो. पहिला बदलण्याचा अधिकार करणाराचा, दुसऱ्यांतून मोकळें करण्याचा अधिकार तें घेणाराचा. इतकें सांगून आम्ही पुढल्या प्रकरणाकडे वळत असूं. परंतु एका पावसाळ्याच्या आरंभीं महाबळेश्वरच्या माथ्यावर असा प्रसंग घडला, कीं तेव्हांपासून हें प्रकरण पूर्वीच्या सफाईनें शिकवितां येत नाहीं.

हकीकत अगदीं घरगुती आहे. आमच्या मातोश्रींचें वय ८२. सारा जन्म सोलापूर जिल्ह्यांत गेला. उजनी धरणाचा जलाशय हेंच त्यांनीं पाहिलेलें सर्वांत मोठें पाणी. "एकदां समुद्र दाखव रे," असें त्या वर्षानुवर्षें म्हणत आणि "पुढल्या सुटींत" असें उत्तर आम्ही देत असूं. प्राध्यापकाला सुट्या पुष्कळ असतात, हेंच त्या उत्तराचें वैगुण्य. अखेरीस चिरंजीवांनीं उपाय शोधिला. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटार आतां भाड्यानें मिळते. आपल्या राज्य सरकारनें २०२१ मध्यें अशा कॅराव्हॅन-प्रवासाकरितां धोरणहि जाहीर केलें. वृद्ध माणसाला वाटेंत आडवें होतां यावें, याहून अधिक काय हवें? शेंगांची चटणी आणि कडक भाकऱ्यांची चवड घेऊन नातवंडांसह आम्ही सातजण निघालों. पंढरपूर, सातारा, वाई, मग पसरणीचा घाट चढून महाबळेश्वर. तेथून आंबेनळी घाटानें पोलादपुरास उतरून हरिहरेश्वरचा समुद्र, असा बेत.

वाईपर्यंत सारें यथास्थित झालें. पसरणीच्या वळणांवर आमचें फिरतें घर जरा कण्हूं लागलें, आणि पांचगणीच्या पुढें पावसानें धरलें. सकाळीं महाबळेश्वरीं समजलें, कीं आंबेनळी घाटांत दरड आली असून वाहतूक बंद आहे. रस्ता केव्हां खुला होईल हें कोणी सांगेना. साताऱ्यास परत उतरून कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असें कोंकणांत जातां आलें असतें. पण त्यास दोन दिवस अधिक लागते, आणि त्याहि घाटाची शाश्वती कोण देणार? चहाच्या दुकानाच्या पत्र्याखालीं उभे राहून आम्ही, सौभाग्यवती, चिरंजीव व सूनबाई अशा चौघांनीं अर्ध्या तासांत निर्णय केला: येथेंच दोन दिवस राहावें व घरीं परतावें.

पुढें न जाण्यांत चूक झाली असें आजहि वाटत नाहीं. जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत याच महाबळेश्वरीं एका दिवसांत ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला होता. आमच्या जिल्ह्याला जवळजवळ तेवढ्या पाण्यावर वर्ष काढावें लागतें. त्याच पावसांत, २२ जुलैला, खालीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसें गेलीं. भिजलेल्या सह्याद्रीशीं हट्ट करूं नये.

नीतिशास्त्राच्या बाजूनेंहि आम्ही निर्धास्त होतों. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ रॉस यांनीं १९३० सालच्या आपल्या ग्रंथांत म्हटलें आहे, कीं मित्रास भेटण्याचें वचन दिलें असतां वाटेंत अपघातांतील लोकांना साहाय्य करणें भाग पडलें, तर वचन मोडणेंच योग्य. मात्र ते पुढें एक गोष्ट जोडतात, ती आम्ही वर्गांत घाईनें उरकीत असूं. योग्य कारणानें मोडलेलें वचनहि नाहींसें होत नाहीं. ज्याला तें दिलें त्याची भरपाई करण्याचें कर्तव्य मागें उरतें.

भरपाई ही पुढची गोष्ट. निर्णय करून आम्ही गाडीकडे वळलों, तेव्हां मातोश्री खिडकीच्या कांचेआड बसून आमच्याकडे पाहत होत्या. तो सारा अर्धा तास त्या पाहत होत्या. चौघांचे हातवारे, मोबाइलवरचे नकाशे, सारें त्यांना दिसत होतें. ऐकूं मात्र येत नव्हतें. ज्यांच्याकरितां हा प्रवास, त्यांना विचारावें असें आम्हांपैकीं एकालाहि सुचलें नाहीं. हेतु वाईट नव्हता. त्यांच्या मनाला लागूं नये, हीच काळजी. आम्हीं बेताबेतानें बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, "बरं. तुम्ही ठरवलंत ना, मग झालं."

दशरथाच्या वचनाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. वचन पाळावें कीं मोडावें, याचा खल त्या कथेवर पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. कौसल्येला कोणीं विचारलें काय, हा प्रश्न त्या खलांत क्वचितच निघतो. आपल्या घरांतून वडील माणसांचा मान मोठा. पहिलें ताट त्यांचें, खिडकीजवळची जागा त्यांची. त्यांचें मत मात्र आपण परस्पर गृहीत धरतों. त्या नाहीं म्हणणार नाहींत हें आपणांस ठाऊक असणें आणि त्यांनीं हो म्हणणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. आणि हें आम्हीं, तर्कशास्त्र शिकविणारानें, विसरावें!

"विचारल्यानं रस्ता थोडाच खुला होणार होता?" असें सूनबाई म्हणाल्या. आक्षेप खरा आहे. ज्याला एकच उत्तर शक्य आहे असा प्रश्न विचारणें हें ढोंगच. पण येथें उत्तर एकच नव्हतें. कुंभार्लीची वाट होती, दोन दिवस थांबून पाहण्याची वाट होती, पावसाळ्यानंतरची तारीख धरून परतण्याचीहि होती. त्यांतून निवड आम्हीं केली, आणि ती करण्याचा अधिकार आमचा नव्हता.

दुसऱ्या दिवशीं क्षेत्र महाबळेश्वरास पंचगंगेच्या देवळांत आम्हीं मातोश्रींजवळ हें कबूल केलें. त्या म्हणाल्या, "विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, परत चला. पोरं दमली होती. पण मग ते माझं म्हणणं झालं असतं."

थोड्या वेळानें गोमुखाकडे बोट दाखवून त्यांनीं विचारलें, "यांतली समुद्राला कोणती जाते?" कृष्णा पूर्वेच्या समुद्राकडे जाते, सावित्री पश्चिमेस, पोलादपूर-महाडावरून बाणकोटच्या खाडीला मिळते, हरिहरेश्वरापासून जवळच, असें आम्हीं सांगितलें.

"किती दिवस लागतात?"

प्रश्न नदीविषयीं होता कीं आम्हांविषयीं, हें समजलें नाहीं. पण या खेपेस "पुढल्या सुटींत" असें आम्हीं म्हटलें नाहीं. डिसेंबरांतील तीन तारखा त्यांच्यापुढें ठेविल्या. त्यांनीं तिन्ही नापसंत करून चौथीच सांगितली.