जिरू द्यावं

बाळाची टाळू भरताना घरातली जाणती बाई तेल ओतत नाही. तळहातावर थोडंसं घेते, बोटांनी टाळूवर थापते, थांबते, पुन्हा थापते. बाळ हातपाय झाडतं, बाळाची आई घड्याळाकडे बघते. त्या बोटांना मात्र घाई नसते. “जिरू दे गं,” एवढंच ती म्हणते. किती कामाचा शब्द आहे हा! संथ पडलेला पाऊस रानात जिरतो; धो धो पडला तर बांध फोडून वाहून जातो. तेलही भसकन ओतलं की ओघळून मानेवर येतं. वरून किती घातलं याला फारसा अर्थ नाही. आत किती पोचलं, ते खरं.

अलेहांद्रो झाफारोनी या शास्त्रज्ञाने औषधाच्या बाबतीत याच गोष्टीचा ध्यास घेतला. जन्म १९२३चा, उरुग्वे देशातल्या माँटेव्हिडिओ शहरातला. हार्मोन्सवर काम करता करता एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. शरीरातल्या ग्रंथी आपला रस गरजेपुरता, थेंबाथेंबाने रक्तात सोडतात. आपण मात्र अख्खी गोळी एकदम पोटात टाकतो. मग थोडा वेळ रक्तात औषध फार होतं आणि नंतर कमी पडतं. औषधानेही ग्रंथींसारखं वागायला काय हरकत आहे? एवढ्या एका विचारापायी त्यांनी सिंटेक्स या कंपनीतली वरच्या हुद्द्याची नोकरी सोडली आणि १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘अल्झा’ ही कंपनी काढली. औषध आत न्यायला त्यांनी जी दारं धुंडाळली, त्यांतलं एक होतं कातडीचं. हे दार तसं बंदच. तळहात-तळपाय सोडले तर त्वचेचा सगळ्यात वरचा थर वहीच्या कागदाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका जाड. पण त्यातल्या मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटी स्निग्ध द्रव्याने लिंपलेल्या. म्हणून तर अंघोळीचं पाणी अंगात शिरत नाही. त्या फटींतून वाट काढायची, तर औषधाचा रेणू लहान हवा, तेलातुपाशी जमवून घेणारा हवा. आणि आपण वाट बघायला तयार हवं.

झाफारोनींनी वाट बघितली. कंपनी निघाल्यावर ११ वर्षांनी, १९७९ मध्ये, त्यांच्या कातडीवर चिकटवायच्या औषधाच्या पट्टीला अमेरिकेत मंजुरी मिळाली. ज्यांना गाडी लागते, बोट लागते, त्यांच्यासाठी ती होती. औषध स्कोपोलामिन. पट्टी लावायची कानामागे, कारण तिथली त्वचा औषध चांगलं आत घेते. लावायची प्रवासाच्या निदान चार तास आधी. घाट सुरू झाल्यावर लावून उपयोग नाही. एकदा लावली की तीन दिवस ती मुकाट काम करते. या तीन दिवसांत अंगात जाणारं औषध असतं सुमारे एक मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. पुढे हृदयविकाराच्या, तीव्र वेदनेच्या, सिगारेट सोडवणाऱ्या पट्ट्याही याच वाटेने आल्या. गंमत बघा, आपल्याकडे ‘कानाआड करणं’ म्हणजे दुर्लक्ष करणं. या पट्टीचं सगळं काम मात्र कानाआडच चालतं.

घरातल्या बोलण्याचंही असंच असतं. मुलाने मोबाइल कमी बघावा, बाबांनी साखरेचं पथ्य पाळावं, असं आपल्याला मनापासून वाटतं. पण आपण महिनाभर गप्प बसतो आणि एके दिवशी साठलेलं सगळं एकदम ओततो. तेही बहुधा जेवणाच्या ताटावर किंवा चपला घालताना, घाट सुरू झाल्यावर. तेव्हा शब्द जिरत नाहीत. आपण फक्त समोरच्याची जिरवून येतो. त्यापेक्षा वेळ शांत असताना, माणूस बरा बसलेला असताना, दाण्याएवढं बोलावं. आणि बोलून झालं की सोडून द्यावं. “मी सांगितलेलं लक्षात आहे ना?” असं तासातासाला विचारणं म्हणजे लावलेली पट्टी पुन्हा पुन्हा उचकटून बघणं. आज घरात कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर सकाळच्या चहाबरोबर मायेने एकच वाक्य सांगा आणि आपल्या कामाला लागा. संध्याकाळी घरी आलात तरी तो विषय काढू नका. जिरू द्या.