पुढच्या हातांचा विचार

ओसाकातल्या एका सोबा नूडल्सच्या उपाहारगृहात वरच्या मजल्यावर सोनीचा 43 इंची टीव्ही अनेक वर्षं उभा होता. 1980 च्या दशकाच्या अखेरीस निघालेलं हे मॉडेल. काचेच्या पिक्चर ट्यूबचा एवढा मोठा टीव्ही घरगुती ग्राहकांसाठी बहुधा दुसरा निघालाच नाही. वजन सुमारे 200 किलो आणि अमेरिकेत त्याची किंमत तेव्हा 40,000 डॉलर होती. इमारत पाडायचं ठरलं आणि या टीव्हीचे दिवस भरत आले. अमेरिकेतल्या एका शौकिनाला त्याचा सुगावा लागला. जपानमध्ये राहणाऱ्या एकाने त्याच्यासाठी जाऊन खातरजमा केली. मग माणसं लावून तो खाली उतरवला, नीट बांधला आणि समुद्रापार नेला. 2024 च्या अखेरीस त्या प्रवासाची चित्रफीत प्रसिद्ध झाली.

त्या टीव्हीच्या नव्या मालकाचं कौतुक भरपूर झालं. आधीच्या मालकाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. घाईच्या दिवसांत एखादी अवजड वस्तू योग्य माणसापर्यंत पोहोचू देणं, त्यासाठी थोडं थांबणं, हेही मोठं काम आहे.

आपल्याकडे ही वेळ बहुतेकदा सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली की येते. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. त्यानंतर घरांत आलेले वेस्टन, क्राऊन, डायनोरा, ईसी असे कृष्णधवल टीव्ही काहींनी हौसेने जमवले. सरकत्या लाकडी शटरचे, चार पायांवर उभे, कुणाकडे परवान्याच्या पुस्तिकेसह. वाड्यातल्या माळ्यावर किंवा जुन्या घराच्या पडवीत ते सामावून गेले. भाड्याच्या तात्पुरत्या फ्लॅटमध्ये दहा-बारा टीव्ही नेणार कुठे? जागा रिकामी करायची तारीख जवळ येते, घरातले वैतागतात आणि शेवटच्या आठवड्यात जो पहिला फोन येईल त्याला सगळं देऊन टाकलं जातं. संग्राहकाचं कर्तव्य नेमकं इथे पातळ होतं. वस्तू वाचवताना त्याने जेवढा जीव लावला, तेवढाच ती सोपवतानाही लावायला हवा. त्यासाठी हातपाय धड असताना, बांधाबांध सुरू होण्याच्या कितीतरी आधी बसावं लागतं.

संग्रहालयाला देऊन टाकू, असं सहज म्हटलं जातं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या हिलियर्ड गावी केवळ जुन्या टीव्हींचं संग्रहालय आहे. अमेरिकेतला पिक्चर ट्यूब नव्याने भरून देणारा शेवटचा कारखाना 2010 मध्ये बंद झाला, तेव्हा त्याची यंत्रसामग्रीही तिथेच गेली. पण कुठल्याही संग्रहालयाची जागा मोजकी असते. त्यांच्याकडे असलेल्याच मॉडेलचा चौथा नमुना न विचारता दारात उतरवला, तर आपली अडगळ दुसऱ्याच्या गळ्यात घातल्यासारखं होतं. फोटो पाठवून, मॉडेल सांगून आधी विचारावं आणि नकार आला तर तो मनाला लावून घेऊ नये.

दक्षिण कोरियात ग्वाचोनच्या कलासंग्रहालयात कलावंत नाम जून पाइक यांनी 1988 मध्ये 1,003 टीव्हींचा मनोरा उभारला. जुने पडदे धोकादायक झाल्यामुळे 2018 मध्ये तो बंद ठेवावा लागला. दुरुस्तीनंतर 737 पिक्चर ट्यूब टिकल्या, उरलेल्या 266 जागी सपाट पडदे बसवले, आणि 2022 मध्ये मनोरा पुन्हा उजळला. यातली महत्त्वाची गोष्ट ही की काय बदललं ते संग्रहालयाने उघड सांगितलं. घरगुती संग्राहकानेही हेच करायला हवं. कपाट मूळचं, पण आतली ट्यूब दुसऱ्या टीव्हीची; शटरची एक फळी नंतर बसवलेली; आवाज येतो, चित्र येत नाही. हे घेणाऱ्याला आधीच कळलं पाहिजे. अर्धवट सांगून विकलेला टीव्ही पुढे दुसऱ्याच्या नोंदीत खोटा इतिहास होऊन बसतो.

ज्यांना कुणीच घेत नाही, त्यांचं काय? इथे चूक झाली तर ती माणसाच्या अंगावर येते. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, रंगीत संचांच्या नरसाळ्यासारख्या भागात तर भरपूर. भंगारात गेलेल्या संचाच्या ट्यूबची मान फोडून तिच्याभोवतीच्या गुंडाळीतलं तांबं काढलं जातं. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हे काम हातमोज्यांशिवायही चालतं, आणि त्यात लहान मुलंही सापडली आहेत. भारतात ई-कचऱ्याचे नियम 2012 पासून लागू आहेत आणि टीव्ही त्यांत येतो. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रापर्यंत तो नेण्याचा टेम्पोखर्च शंभर-दोनशे रुपयांच्या भंगाराच्या कमाईपेक्षा जास्त होईल. तो संग्राहकानेच सोसावा, कारण वर्षानुवर्षं त्या वस्तूचा आनंदही त्यानेच घेतला.

जे टीव्ही दुसऱ्या शौकिनाकडे जातील, त्यांच्याबरोबर सर्किटचा नकाशा जावा, सुटे व्हॉल्व्ह जावेत, आणि एका कागदावर स्पष्ट लिहिलेलं असावं: हा किती वर्षं बंद आहे, आतले कंडेन्सर तपासल्याशिवाय थेट प्लगला लावू नये, बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार साठून राहू शकतो. खाली नाव आणि फोन नंबर. नव्या मालकाचा फोन सहा महिन्यांनी आला तरी उचलायचा.